नुसती तारीख

चूक माझीच.
बत्तीसशेवर नीट चाललेली रॅम
अडतीसशेवर नेली, व्होल्टेज जरा चढवलं,
रेंडर दोन मिनिटं लवकर व्हावा म्हणून.
सेव्ह केलं आणि बसलो बघत,
म्हशीला उगाच डिवचून
ती काय करते बघावं तसा.

काही केलं नाही त्यानं.
पंखे फिरले, थांबले. फिरले, थांबले.
पडदा काळा.
बोर्डाच्या कडेला एक पिवळा ठिपका,
ज्वारीच्या दाण्याएवढा,
त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'डीरॅम'.
दुखतंय कुठं, ते तरी सांगत होता.

रात्रीचे साडेअकरा. माळ्यावर मी,
खाली कुंभार गल्ली झोपलेली,
आणि सकाळी काकाला दाखवायचा होता
अडीच फुटी मूर्तीचा साचा,
ज्याच्या सोंडेचं वळण त्यानं
तिसऱ्यांदा बदलायला लावलं.
हल्ली आमच्याकडं गणपती
आधी कॉम्प्युटरवर बसतो, मग मातीत.

इचलकरंजीच्या सुहासला फोन लावला.
तो रात्रपाळीला, मागं मागांचा खडखडाट.
"प्लग काढलास?"
"काढला."
"मग बटण दाबून धर. आत उरलेली जाऊ दे."
दाबलं. एक पंखा अर्धा वळसा फिरला
आणि मग खरोखर गप्प झाला.
"आता सेल काढ. घड्याळात असतोय तसला, चपटा."
"किती वेळ?"
"चा पिऊन ये."

चहा कोण करणार त्या वेळी.
मी दोन्ही पट्ट्या काढल्या,
त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले,
पुतणीच्या कंपासातल्या, स्ट्रॉबेरीचा वास येणाऱ्या.
फुंकर मारली. शाडूची पूड उडाली.
आमच्या घरात ती कशावर नसते?
भाकरीवर असते, पासबुकात असते.

सेल परत बसवला.
मग एकच पट्टी, दुसऱ्या खाचेत,
टक् असं ऐकू येईपर्यंत.
बटण.
पंखे फिरले. थांबले.
शिवी इथं लिहीत नाही.
फिरले.
फिरतच राहिले.
पिवळा ठिपका गेला आणि पडदा उजळून
इंग्रजीत म्हणाला, जुनं सगळं पुसलंय,
नव्यानं सांगा.

सांगायला गेलो तर वर कोपऱ्यात:
एक जानेवारी, दोन हजार एकोणीस.
बारा वाजून दोन मिनिटं.

सुहासला म्हटलं, ठेवतो.

याला अजून ऑगस्ट माहीत नाही.
याच्या हिशेबानं जयंती नाला नाल्यातच आहे.
खालच्या भिंतीवर, दोनदा रंग मारूनही वर येणारी,
माझ्या खांद्याला लागणारी ती मातकट रेघ नाही.
चारशे बावीस मूर्ती, कच्च्या, रंगवलेल्या,
नुसते डोळे राहिलेल्या,
त्यांची माती अजून मळायची आहे.
टेम्पो मिळतो का म्हणून गल्लीभर धावलेला काका
निवांत घोरतोय,
आणि हा डबा तळमजल्यावरच आहे,
जिथून मी त्याला डोक्यावर घेऊन काढला.
पाणी तेव्हा कमरेएवढंच होतं.

मी तारखेवर येऊन थांबलो.
किती वेळ, ते त्यालाच विचारलं तर
म्हणेल, बारा वाजून एकोणीस.

तेवढ्यात जिन्यात काका. रात्री दोनदा उठतोच तो.
"झालं का रं चालू?"
"झालं."
"काय गेलं का आतलं?"
"न्हाई. नुसती तारीख."
"मग घाल की तारीख," म्हणाला,
आणि जाता जाता जिन्याखालच्या मातीवरचं पोतं
ओलं आहे का ते चाचपून गेला.

घातली. दिवस, महिना, मग वर्ष.
वर्ष चढवताना एकवीसवर बोट जरा अडलं.
त्याही साली आलं होतं पाणी.

रॅमला हात लावला नाही,
तिचा जो वेग येईल तो येऊ दे.
दुसरी पट्टी टेबलावरच आहे, खोडरबराशेजारी.
ती उद्या बघू.

साचा उघडला. सोंड होती तशीच होती.
काकाला आवडेल असं वाटत नाही.