खाडे

नवी पेठेतली गॅलरी, टोकन एकेचाळीस.
एसी इतका गार, की दंडावरची सुताची पिंज
काट्यासारखी उभी राहिली.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, आणि माझ्या काखेत
कारखान्याचं मस्टर.

काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर बिराजदार लिहिलेलं.
माझा फोन हातात घेऊन म्हणाली,
काका, दांड्या तर पूर्ण आहेत की ओ.
इथं आहेत, बाई.
मग माग उचलून इथंच मांडू का,
तुमच्या त्या हसऱ्या जोडप्याच्या पोस्टरखाली?
आठच आहेत. आवाज जरा होईल.

विडी घरकुलच्या पुढं, पत्र्याच्या शेडमध्ये
तुमची कंपनी येत नाही.
जिन्याच्या सातव्या पायरीवर येते, एक दांडी,
तीही डावा हात वर करून उभं राहिलं तर.
विजयवाड्याचा व्यापारी चारशे डझन म्हणाला
की चाळीस, हे कळेपर्यंत
ऑर्डर मागच्या गल्लीत गेली.

करार वर्षाचा आहे, ती म्हणाली.
मध्येच सोडलं तर पंधराशे, वर अठरा टक्के,
सतराशे सत्तर.
करार मोडल्याचे.

मोडला कुणी?

आमच्याकडं आडवा धागा तुटला
की माग स्वतःहून थांबतो.
लोखंड आहे ते, कुणी शाळेत घातलेलं नाही त्याला,
तरी धाग्याविना
वीतभर कापड विणल्याचा आव आणत नाही.
तुमचा धागा गड्ड्यावरचे पाळणे उतरले तेव्हाच तुटला,
आणि मीटर खटखट, खटखट.

मग मी मस्टर उघडलं.
म्हेत्रे बसवराज. कोंडा यादगिरी. शेख मकबूल.
चौथ्या ओळीत, माझ्याच अक्षरात,
मोबाईल कंपनी.
आली त्या दिवशी ह, नाही आली त्या दिवशी खा.
नव्वद दिवसांत एकोणसाठ खाडे.
सहीचा रकाना कोरा, कारण सहीला कुणी येत नाही.
बसवराजनं लेकीच्या लग्नात अकरा खाडे केले,
मान खाली घालून कापून घेतले.
आजवर एकाही माणसानं माझ्याकडं
खाड्याचा पगार मागितला नाही,
की जा म्हटल्यावर मलाच दंड लावला नाही.

एका घरात नुसती लाल शाई आहे.
यादगिरीचं बोट गिअरमध्ये आलं, तो दिवस.
मकबूल अनवाणी पळाला डांबरावरून
पाण्याच्या टाकीपर्यंत,
रिक्षावाल्याला फोन लावायला.
त्या घरात मी ह नाही लिहिलं, खा पण नाही.
तिचं बोट तिथं येऊन थांबलं.

मग मॅनेजरच्या काचेकडं बघत, हळूच,
आमच्या देगावातपण येत नाही, म्हणाली,
मी दुसऱ्यांचं कार्ड वापरते.
आणि लगेच परत गेली कंपनीच्या आवाजात:
आपली तक्रार नोंदवली आहे, सर.
तेवढ्यात काकाचा सर झालो मी.

मस्टरच्या पानाची झेरॉक्स काढली,
टाचणी मारली, चौदा आकडी नंबर दिला.
दहा दिवस लागतील.
या दहा दिवसांचं बिल?
चालू राहील, सर.

घरी येऊन कोऱ्या पानावर
पट्टी लावून दहा घरं आखली.
ओळीच्या सुरुवातीला काय लिहावं सुचेना.
कंपनी लिहिलं, खोडलं.
बिराजदार लिहिलं, तेही खोडलं,
ती बिचारी रोज हजर असते.

आज सहावं घर.
सातव्या पायरीवर मी, डावा हात वर.
खाली आठांतला एक आवाज कमी झालाय.
धागा तुटला असेल.