साडेसातशेत वाळवंट

यादी आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते.
घोट्याच्या वर जाणारे बूट, फिकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट,
मानेवर पडदा असलेली टोपी,
वाळू आत जाऊ नये म्हणून नडगीला बांधायचं काहीतरी.
खाली एकच ओळ : जैसलमेर, मार्च, सहा दिवस, पायी.
पर्वतीच्या पायऱ्यांपलीकडचं
मला एकावन्न वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं.

औंधच्या दुकानात एसी इतका
की स्वेटर घालून वाळवंट बघत फिरले.
एका बुटाची किंमत वाचली
आणि तो दोन्ही हातांनी खाली ठेवला,
झोपलेलं मूल ठेवावं तसा.
"मॅडम, यात पाय श्वास घेतो," मुलगा म्हणाला.
माझाच अडकलेला.

रविवारी जुना बाजार.
गंजलेले पाने, काटे नसलेली घड्याळं,
त्यांच्या पुढे मैनुद्दीनभाईंची ताडपत्री
आणि तिच्यावर बुटांचे जोड; काही नुसते एकटेच.
"सहा नंबर मिलिटरीत कुठून येणार, ताई?"
ढिगात खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी सातचा काढला.
मातकट, कॅनव्हासचा.
"जाड मोजे घाला. उन्हात पाय फुगतो, तेव्हा सातच लागेल."
हे औंधच्या मुलाने सांगितलं नव्हतं.
ते पाचशे म्हणाले, मी अडीचशे.
तीनशे चाळीसला आम्ही दोघंही
फसल्यासारखा चेहरा करून मोकळे झालो.
"आठ दिवस घरात घालून फिरा," मागून ओरडले.

जिभेच्या आतल्या बाजूला शाईने एक आकडा होता,
अर्धा पुसलेला. कुणाचा तरी.
तेवढा भाग मी घासला नाही.

मग शनिपाराजवळ भालेराव,
पायरीवर बसून छत्र्या दुरुस्त करणारे.
फेब्रुवारीत छत्रीला कोण विचारतं?
"वाळवंटात छत्री?"
छत्री नको, म्हटलं, कापड द्या.
त्यांनी एक मोडकी छत्री काडीकाडीने सोलली.
"पाणी शिरलं नाही यातून, वाळूची काय बिशाद."
दोन पट्ट्या, आत इलास्टिक, ऐंशी रुपये.
काळं तापतं हे मला घरी आल्यावर सुचलं,
म्हणून वरून उशीचा जुना अभ्रा शिवला,
फुलाफुलांचा.
मिलिटरीत असं नसावं.

शर्ट नवऱ्याचे. बँकेतले, पांढरे, कॉलर झिजलेल्या.
"माझे शर्ट माझ्याआधी जग बघणार," तो म्हणाला.
तूही चल, म्हटलं.
तो पेपरात शिरला.

शिवून घेतलेला सोल टिकतो का बघायला
रात्री बी विंगच्या मागे गेले,
बांधकामाच्या ढिगावर.
वाळू कसली, दगडाचा चुरा; पण पाय रुततो.
चढले, घसरले, परत चढले.
फरशी बसवणारा पेमाराम बिडी विझवून बघत राहिला.
"काही हरवलं का?"
सांगितलं. तो बाडमेरचा.
हसेल असं वाटलं होतं.
त्याने बुटाची टाच दाबली, फुलं बघितली,
म्हणाला, चढताना पंजा रोवा, उतरताना टाच.
आणि दहानंतर चालू नका,
आमच्याकडे बकऱ्यासुद्धा सावली धरतात.
मग गळ्यातलं फडकं सोडून डोक्याला बांधून दाखवलं :
तीन वेढे, एक शेपूट तोंडावरून.
त्याच्या पायांत निळी रबरी स्लीपर,
एका पट्ट्याला तार गुंडाळलेली.
गावाला कधी गेला होतास, विचारलं.
"तीन वर्षं झाली. तिकीट परवडतं.
गेल्यावरचं परवडत नाही."

टोपी घेतली नाही. मंडईतून पंचा आणला.

बूट तीनशे चाळीस, पट्ट्या ऐंशी, सोल नव्वद,
मोजे दोन जोड एकशे साठ, पंचा ऐंशी.
दुधाच्या वहीत, मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

आज सहावा दिवस.
बूट घालूनच पोळ्या लाटते आहे.
ओट्याची उंची बदलल्यासारखी वाटते.
डाव्या टाचेला थोडं लागतंय.