मध्यावरचा एकच बफर

भाच्यानं जर्मनीहून आणलेलं इंजिन
चहाच्या ताटात उताणं पडलंय,
पोटाखालचे स्क्रू काडेपेटीत.
चकाकतंय फार.
आमच्या लोंढ्याच्या यार्डात असलं चकाकणारं
आठवडाभर टिकलं नसतं.

आधी ते बफर.
पुढं दोन, मागं दोन, कोटाच्या बटणांसारखे.
मीटर गेजच्या गाडीला एकच असायचा, मध्यावर,
त्याच्यातच आकडा.
बारीक करवत लावली, तीन पाती मोडली,
चौथीला बटणं टपटप ताटात पडली
आणि अनुसया आतून म्हणाली,
"चांगली वस्तू मोडायला लागलासा की!"

मोडत नाही गं.
चाकं आत घेतोय, साडेसोळावरून बारा मिलिमीटर.
चिमणी नळाच्या जुन्या पितळी चावीतून कातली.
पुढची जाळी टाचण्यांची, डाग देऊन,
बोटाला दोन फोड.
केबिनचं छप्पर मागं वाढवलं,
जर्मनीत ऊन लागत नसेल.

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर गेली.
पंपाचे शाफ्ट, हजारांनी,
सगळे एकसारखे, मायक्रॉनच्या आत.
कुठला शाफ्ट कुठल्या विहिरीवर गेला
कधी कळलं नाही.

पुराव्याला एकच फोटो आहे.
थोरल्या भावाच्या तालमीतले नऊ पैलवान,
मागं इंजिन, अर्धं वाफेत.
बॉयलरवरची जाड नळी कुठल्या अंगानं जाते
ते नेमकं कल्लाप्पाच्या खांद्यामागं.
भिंगातनं बघितलं, उन्हात धरून बघितलं.
कल्लाप्पा हलत नाही.
चाळीस वर्षांपूर्वी मेला, तरी हलत नाही.

म्हणून टॉवेलात गुंडाळून, बुटाच्या खोक्यात घालून
खानापूरच्या बसनं गफार बेपारींकडं नेलं.
फायरमन होते. आता दोन्ही डोळ्यांवर साय.
मांडीवर ठेवलं, तर कोंबडीचं पिल्लू धरावं
तसं दोन्ही हातांनी धरलं.
"नळी डाव्या अंगानं. ड्रायव्हर बसायचा त्या अंगानं."
बोट पुढं गेलं, जाळीवर थांबलं, हसलं.
मग मागं, टेंडरवर,
एकदा, परत एकदा.
"इल्लप्पा. ही ती नव्हे."
"का हो?"
"पोचा कुठाय?"

तिनईघाटात पाणी घेताना
खांबाला घासून पडलेला पोचा, डावीकडं, खालच्या कोपऱ्यात,
माणसाचं डोकं टेकेल एवढा.
रात्रपाळीला तिथंच पाठ टेकून
ते भाकरी खायचे. पत्रा ऊबदार असायचा.

नळी एका संध्याकाळी बसवली.
पोच्याला अकरा दिवस लागले.
एवढासा हातोडा घ्यायचो, ठेवायचो.
रद्दी पत्र्यावर सराव केला,
खोली मोजली, कॅलिपर लावून मोजली,
अनुसया म्हणाली, पोचा कुणी मोजतं का?
हात शिकलेला तेच विसरेना.
शेवटी लाइट गेली एका रात्री,
चाचपडत मारला एक.
सकाळी बघितलं. जरा वर लागलाय.
राहू दे.

पॉलिशवर काजळी चोळली,
चुलीतली नाही, गॅस आहे आता;
मेणबत्तीवर बशी धरून जमवलेली.

नंबरची पाटी अजून कोरीच.
गफारभाईंना आवाज आठवतो, चढावरचा श्वास आठवतो,
नंबर आठवत नाही.
म्हणजे आठवतो: दर रविवारी फोन येतो,
दर रविवारी वेगळा,
आणि दर वेळी आईची शपथ.
मी पेन्सिलीनं लिहून घेतो.
पुढच्या रविवारी खोडतो.

बटणं अनुसयेनं शिवणाच्या डब्यात टाकलीत.