गडगडाटाची पन्हळ

पेनरिथला, टायरच्या दुकानामागे
एक नाटकगृह आहे.
आहे म्हणजे होतं. होतं म्हणजे
पुढे त्याचं प्रार्थनाघर झालं, मग धान्याचं कोठार,
मग बिंगो, मग नुसता रबराचा वास.
जो आला त्याने आपापला चुना फासला.
मी सुरीच्या टोकाने एकेक पापुद्रा उचलते:
पांढरा, शेवाळी, परत पांढरा, तपकिरी
आणि सगळ्यांच्या तळाशी, नखाएवढा,
एक निलाजरा गुलाबी.

माझ्या वाट्याला टाचण्या आल्या.
रंगमंचाखालच्या मातीतून चाळून काढलेल्या
चारशे बारा पितळी टाचण्या.
कुणाचा झगा ऐन वेळी उसवला असेल,
कुणी राणी पुढच्याच प्रवेशात दासी.
तक्त्यात भरायचं: धातू, लांबी, अवस्था.
वाकलेली. वाकलेली. वाकलेली. सरळ.
ही एवढी सरळ कशी राहिली
याला रकाना नाही.

जुन्या नकाशात गॅलरी कुठवर होती ते नव्हतं.
ते आम्हाला हेझलच्या टरफलांनी सांगितलं.
स्वस्त तिकिटवाले वर बसून फोडत, खाली टाकत;
खाली कुणाच्या टोपीत, कुणाच्या केसांत,
उरलेली जमिनीवर, एका कमानीत.
दोरी धरली तर कड बरोब्बर जुळली.
त्या खालच्यांनी काय शिव्या दिल्या असतील!

डेस्मंड ऑग्डेन तुळयांच्या खाचा मोजत होता.
लाल दगडात अकरा खाचा. बारावी विटांनी बुजवलेली.
दोन विटा काढून त्याने हात घातला, कोपरापर्यंत,
आणि गाय अडलेल्या शेतकऱ्यासारखा
तोंड वळवून, डोळे मिटून थांबला.
"लाकूड आहे," म्हणाला. "उतरतं लाकूड."

पन्हळ होती ती. छपरापासून खाली
भिंतीच्या पोटातून तिरकी गेलेली.
वरून लोखंडी गोळा सोडायचा,
तो गडगडत उतरायचा
आणि बाकांवरच्यांनी माना वर करून पाहायचं.
सुताराने केलेलं आभाळ.

गोळा तळाशीच होता, गंजलेला, नारळाएवढा.
आमच्याकडे प्रयोगाआधी फोडतात;
इथल्यांनी भिंतीत ठेवून कुलूप लावलं.

कुंपणापाशी रोज एक बाई यायच्या, विनिफ्रेड टॉड,
सोबत म्हातारं, एका कानाचं कुत्रं.
चौऱ्याहत्तर साली इथेच चाळीस पौंड जिंकलेल्या.
त्या म्हणाल्या, बिंगो चालू असताना
ही भिंत अधूनमधून घोरायची.
मॅनेजर म्हणे, नळ असतील.

गोळा घरंगळवायचा नाही, असा नियम.
चित्र काढायचं, मोजायचं, पिशवीत घालायचं: चारशे तेरा.
शुक्रवारी बांधकाम कंपनीचा माणूस आला,
स्वच्छ बूट, चौदा फ्लॅटचा आराखडा काखेत.
"म्हणजे हे महत्त्वाचं आहे का?" त्याने विचारलं.
आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो,
जणू कुणाचं तरी वाक्य चुकलंय
आणि प्रॉम्प्टर जेवायला गेलाय.

तो गेल्यावर डेस्मंडने कुत्र्याचा टेनिसचा चेंडू मागून घेतला.
"फक्त उतार बघतो," म्हणाला,
आणि शिडीवरून वरच्या तोंडात सोडला.

मी भिंतीला कान लावला.
टप्. मग सर्रर. मग काहीच नाही,
मग खूप आतून, शेजारच्या घरात
कुणी पाट सरकवावा तसं काहीतरी.

चेंडू बाहेर आला नाही.
विनिफ्रेडबाईंनी एकदाच टाळी वाजवली, मग हात खिशात घातले.
कुत्रं भिंतीकडे बघून भुंकत राहिलं,
थांबेचना,
शेवटी त्याला उचलून न्यावं लागलं.

अहवाल सोमवारी जाईल.
शिफारस: भिंत जागेवर राखावी.
कारण, या शब्दापुढे मी बरंच काही लिहिलं
आणि बरंच खोडलं.
टायरवाला सामान हलवतोय.
चेंडू आत आहे.