कसर

आमच्याकडे सुरांना आकार असतात.
फा तिकोनी, सो गोल, ला चौकोनी,
आणि मी शंकरपाळ्यासारखा, टोकावर उभा.
शिकवताना फ्लोराबाई भिंगारदिवे
नाताळच्या फराळाचा डबाच उघडायच्या:
हा समोसा, हा लाडू, ही वडी.
चुकलेला सूर ज्याचा त्याने खाऊन टाकायचा.
आम्ही मुद्दाम चुकायचो.

भायखळ्याच्या या देवळात पेटी नाही, तबला नाही.
चार बाजूंना चार बाकं, तोंडं एकमेकांकडे.
मधल्या रिकाम्या फरशीवर एक जण उभा राहून
हात वर-खाली करतो, पाणी शेंदल्यासारखा.
ऐकायला कुणी नसतं. येतो तो गातो.
आधी नुसते आकार, मग शब्द.

गाणं जुनं. कुणी रचलं, ठाऊक नाही.
छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माझ्या पणज्याने
एका गोऱ्या पाद्र्याच्या आडव्या वहीतून
ते नगरी मराठीत उतरवून घेतलं.
म्हणून त्यात मेंढरांबरोबर शेळ्या आहेत
आणि बेथलेहेमच्या वाटेवर बाभळी.

शेवटच्या कडव्यात बाकीचे तिघे थांबतात.
आमचं अल्टोचं बाक एकटंच म्हणतं:
थंडी मोठी, दार लहान, आत
आणि तिथे वहीला भोक.
कसर लागलेली. सूर गेला, खालचं अक्षरही गेलं.
आई सांगायची, तिच्या आईच्या वेळीही ते नव्हतंच.

तर तिथे आम्ही एक मात्रा गप्प बसतो.
वर गेलेला हात वरच राहतो,
आणि तेवढ्यात दरवर्षी काहीतरी ऐकू येतं:
समोरच्या बिल्डिंगमधल्या कुकरची शिट्टी,
माझगावच्या गोदीतला भोंगा,
उलटा येणाऱ्या टेम्पोची केविलवाणी धून,
एकदा वीस दिवसांच्या ओबेदची उचकी.
ब्याण्णव साली काहीच नाही.
तेवढी शांतता पुन्हा नको, देवा.

यंदा राहुरीच्या यहेज्केल आढावांच्या ट्रंकेतून
दुसरी वही निघाली. पान अखंड.
तिथे शंकरपाळा होता. मी.
सप्तकात बाकीचे दोन-दोनदा येतात,
मी एकदाच. कसरीने नेमका तोच खाल्लेला.
आणि खाली, पणज्याच्याच वळणाचं अक्षर:
ये.

तालमीला आम्ही तो सूर लावला. बरोबर होता.
जागच्या जागी, नव्या कवळीतल्या दातासारखा.
फ्लोराबाईंचं तोंड सवयीने मिटलेलंच राहिलं.
त्या एक्याऐंशीच्या आहेत, त्यांना कोण सांगणार.
बेसच्या बाकावरून सेक्रेटरी रणपिसे म्हणाले,
चला, इतक्या वर्षांची कसर भरून निघाली.
त्यांचा विनोद होता तो. कुणी हसलं नाही.
बाहेर कुठे काय वाजलं
ते त्या दिवशी कळलंच नाही.

चोवीस तारखेला काही ठरलेलं नव्हतं.
कडवं आलं. तिघे थांबले.
आम्ही 'आत'पर्यंत पोचलो.
मी श्वास घेतला, शेजारच्या प्रिस्किलाने घेतला,
सगळ्या बाकाने घेतला,
आणि कुणीच सोडला नाही.
हात वर.
खाली गेटपाशी पार्सल घेऊन आलेला कुणी पोरगा
फोनवर विचारत होता,
'दादा, कुठून यायचं आत?'

रणपिशांना राहवलं नाही.
बसल्या जागेवरून, भरल्या बेसमध्ये,
'डाव्या हाताने ये,' म्हणाले.

हात खाली आला.
पुढची ओळ सगळेच चुकलो.