श्रवणयंत्राचा अर्ज

वाळपईहून पहाटेची कदंबा.
मांडीवर प्लास्टिकची फाईल, तिच्यात दुसरी फाईल,
तिच्यात डिस्चार्ज बुक, कडा उंदरानं चाखलेल्या.
आतला माणूस मात्र शाबूत:
झिलू गावस, हवालदार, सिग्नल.
उंची पाच फूट सहा, डाव्या भुवईवर व्रण,
कान नॉर्मल.

हे नॉर्मल एका मेजरनं लिहिलं, त्र्याऐंशी साली.
माझ्या पाठीमागे मनगटी घड्याळ धरलं, विचारलं, ऐकू येतं?
मी म्हणालो, येतं सर.
प्रश्न ऐकू आला होता.
टिकटिकीचं शपथेवर सांगता येणार नाही.
घरी जायचं होतं, आंब्याला मोहर होता.

एकसष्टला फौज आली तेव्हा मी ट्रकमागे धावलो,
तीन वर्षांनी ट्रकमध्ये बसलो.
मग एकोणीस वर्षं कानांवर हेडफोन.
डोंगरमाथ्यावर सगळी हवा खरखरत असायची,
तिच्यातून एक ठिपका, एक रेघ उचलायची.
लोक तांदळातले खडे निवडतात,
मी खड्यांतले तांदूळ निवडले.

पणजीच्या पॉलिक्लिनिकात खिडकीतली मुलगी म्हणते, अंगठा.
अंगठा उमटत नाही.
निवृत्तीनंतर काजूच्या बिया सोलल्या,
चिकानं रेषा खाल्ल्या.
दुसरं बोट लावा आजोबा. तिसरं.
शेवटी करंगळीवर निघालो.
मशीनच्या हिशेबी तेवढाच शिल्लक आहे मी.

आणि हे मिसेसचं कार्ड?
जमा केलं, गेल्या पावसात. ही पावती.
त्या कार्डावर लिहिलं होतं, ती माझ्यावर अवलंबून.
फोन ती घ्यायची. पोदेराचा भोंपू तिला ऐकू यायचा.
कुकरच्या शिट्या ती मोजायची,
टीव्हीतलं युद्ध मला ओरडून सांगायची.

टोकन सत्तेचाळीस.
व्हरांड्यात गुडघे, मोतीबिंदू, पिशव्यांतले एक्स-रे.
माझ्यामागे नऊ नंबरांवर एक कर्नलसाहेब,
चपलेत, सुजलेल्या पावलांचे.
इथे हुद्दा चालत नाही, टोकन चालतं,
तरी मी पाठ ताठ करून बसलो.
पंखा फिरतो. खिडकीतले ओठ हलतात.
कुठला आकडा, कुणास ठाऊक.

कोपराला कुणीतरी बोटानं टोचलं.
टक, टक, टक.
तीन ठिपके. एस.
मी पुढच्या अक्षराची वाट बघत बसलो.
सवय. संदेश अर्धा सोडायचा नसतो.

“सायब, तुमचो नंबर आयलो! चार फावटी उलो मारलो तिणें!”
शेजारची पिएदाद बाय, नौदलातल्या कुकची विधवा,
बोलताना हातातल्या इन्सुलिनच्या डब्यातला बर्फ खुळखुळला असावा,
मला हललेला दिसला.

डॉक्टरीण तरुण. तिनं पुस्तक उलटं-सुलटं पाहिलं.
इथे तर नॉर्मल लिहिलंय काका.
मग ती उठून माझ्या मागे गेली,
काहीतरी म्हणाली असेल,
कारण पुढे येऊन तिनं भुवया उंचावल्या:
आलं ऐकू?

येतं, म्हणालो. जीभ अजून नोकरीत.
टेबलावर तिचं पेन थांबलेलं.
मग म्हणालो, नाही.
नाही येत मॅडम. तेव्हाही नीट येत नव्हतं.
लिहा.

तिनं लिहिलं, बराच वेळ लिहिलं.
कागद मडगावच्या हॉस्पिटलचा, तीस दिवस चालेल.
यंत्र मिळेल. बिघडलं तर नवं पाच वर्षांनी.
मी ऐंशीचा. पाचाची बेरीज ती करत नव्हती,
मीही केली नाही.

बाहेर पिएदाद बायची खुर्ची रिकामी,
खाली बर्फाचं थोडं पाणी.
कर्नलसाहेब डोळे मिटून बसलेले.
खिडकीत पुन्हा ओठ हलले.
मी भिंतीवरचा लाल आकडा वाचला, छप्पन्न,
आणि त्यांच्या कोपरावर बोट ठेवलं.