पंचेचाळीस

फुंशालच्या इस्पितळात, तळघरातल्या खोलीत
माझं काम शिवणकामासारखं.
रक्तातल्या पेशी फुगवायच्या, काचेवर फोडायच्या,
फोटो काढायचा, आणि कात्रीने
एकेक गुणसूत्र कापून
पुठ्ठ्यावर जोडीजोडीने चिकटवायचं,
उंचीप्रमाणे, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखं.
सेहेचाळीस. रोज सेहेचाळीस.
शिंक आली तर एकविसावं उडून टेबलाखाली जातं
आणि मी गुडघ्यांवर.

त्या मंगळवारी पंचेचाळीसच भरली.
टेबलाखाली पाहिलं. झाडू मारला.
चपलेचा तळवा उलटा करून पाहिला.
दुसरी पेशी, तिसरी, विसावी.
पंचेचाळीस.

नमुना बेलार्मिनोचा. केळीच्या उतारांवरचा माणूस,
अख्खा घड खांद्यावर टाकून
चारशे पायऱ्या शिट्टी वाजवत चढणारा.
बायकोला सोबत म्हणून त्यानं रक्त दिलं होतं.
तपासणी खरं तर तिची होती, ईडालिनाची:
तीनदा दिवस गेले, तीनदा पोट रिकामं.
सासू फेलिस्बेर्ता चर्चच्या पायरीवर म्हणायची,
सगळ्यांना ऐकू जाईल असं,
‘ह्या जमिनीत काही रुजत नाही.’

जमीन शाबूत होती. ईडालिनाची सेहेचाळीस.

त्याच्यात तेरावं आणि चौदावं
डोक्याला डोकं लावून एक झालेले.
हरवलं म्हणावं तर काहीच नाही,
दोघांच्या आखूड शेंड्या तेवढ्या गेल्या.
म्हणून तर चाळीस वर्षं कळलं नाही, त्याला की कोणाला.
अडतं ते वाटणीच्या वेळी:
एक जुळलेला, दोन सुटे, आणि घरं दोन.
कधी सरळ वाटणी होते.
कधी एका घरात दुप्पट दाणे,
दुसऱ्यात चूल थंड.

(लिस्बनहून एकजण पिंजरे घेऊन आला होता.
आमच्या बेटावरचे उंदीर
गलबतांतून उतरलेले, पिंपांमागून, धान्यामागून.
मध्ये डोंगर, म्हणून ह्या दरीतले ह्या दरीत.
कुठे हे दोन जुळले, कुठे ते दोन,
चाळिसाची होत होत कुठे बावीस उरली.
तरी उंदीरच. तरी आमचं चीज खातात.
पण ह्या दरीतला त्या दरीतलीशी जमला
तर पिल्लं कमी, असं तो म्हणाला,
आणि खूश होता.
नवी जात अशीच फुटते, म्हणाला.
ईडालिनाला मी हे सांगितलं नाही.)

मग फेलिस्बेर्ताला बोलावलं.
बाही वर करायला ती तयार नव्हती,
मग एकदम केली.
तिचीही पंचेचाळीस.
डॉक्टरांनी हळू आवाजात समजावलं,
ती खिडकीकडे पाहत राहिली. तळघराच्या खिडकीतून
फक्त लोकांचे बूट दिसतात.
बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘माझी चार आहेत.’
मग, ‘सात झाली असती.’
मग बोटांवर मोजलं, आणि, ‘आठ.’

जाताना तिनं पिशवीतून सीताफळ काढलं,
सुनेच्या हातावर ठेवलं, बोलली नाही.
ईडालिनानं तिथेच बाकावर फोडलं.
काही पाकळ्यांत बी होती,
काही नुसत्याच गोड.

चौथ्या वेळचं काय झालं
ते माझ्या कपाटातल्या फायलीत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी कधीकधी माझीच गुणसूत्रं कापते.
दुसऱ्या क्रमांकाचं ते लांब: माझ्यात आहे,
बेलार्मिनोत आहे, पिंजरेवाल्यातही.
ते कधीकाळी दोन होतं. वानरांत अजून दोन आहे.
मधोमध जुन्या टोकांचा व्रण,
खाली विझलेल्या कमरेची खूण.
कोणा एकाच्या अंगात ती पहिल्यांदा चिकटली असतील,
कुठल्याशा झाडाखाली,
आणि त्याच्या जोडीदारणीची
तीन गेली असतील, की आठ.
मोजायला बोटं होती तिला.
आकडे नव्हते.

कात्री जुनी आहे, बोथट.
त्या जागेजवळ आली की
मी श्वास धरते.